एकटीचा लेओव्हर आणि काउबॉयचं गाव : तुमचे अनुभव लिहा

मी अकरा वर्षं एका आखाती विमान कंपनीत केबिन क्रू आहे. माहेर डोंबिवली. या धाग्यावर तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. कामानं परमुलखात नेलं, लेओव्हरला, म्हणजे दोन फ्लाइट्सच्या मधल्या मुक्कामात, हातात एखादा मोकळा दिवस पडला, बरोबर कुणी नव्हतं, आणि तुम्ही तिथलं जुनं काउबॉय गाव पाहिलंत, असं झालं असेल तर सविस्तर लिहा. क्रूच असायला हवं असं नाही. स्थळांची यादी नको. तुम्हाला काय दिसलं आणि घरी येऊन कुणाला काय सांगितलंत, ते हवं.

माझं गाव फोर्ट वर्थ, टेक्सस, डॅलसच्या शेजारचं.

डॅलसची आमची फ्लाइट सोळा तासांच्या आसपास चालते. उतरल्यावर पाय सुजलेले असतात, कानात इंजिन घुमत असतं. खोलीत शिरायचं, दार लावायचं आणि दुसऱ्या दिवशी थेट पिक-अपलाच, म्हणजे विमानतळाची गाडी न्यायला आली कीच, खाली यायचं, असं करणाऱ्यांना इंग्रजी बोलणारा क्रू 'स्लॅम-क्लिकर' म्हणतो. आधी दार आपटल्याचा आवाज, मग कडी लागल्याचा. मी कित्येक वर्षं तशीच होते. एका मार्चमध्ये पहाटे तीनला टक्क जाग आली. भारतात दुपारचे दीड वाजले होते. आईला फोन लावला. ती जेवणं आवरून बसली होती. "नवव्यांदा गेलीस ना गं तिकडे? आहे कसं ते गाव?" तिनं सहज विचारलं आणि मला एक वाक्य सांगता येईना.

सकाळी हॉटेलच्या गाडीनं परत विमानतळावर गेले. टर्मिनल बी पासून टेक्सरेल नावाची रेल्वे सुटते, २०१९ पासून चालू आहे. नॉर्थ साइड स्टेशनला उतरून पुढे टॅक्सी केली आणि अकराच्या सुमारास स्टॉकयार्ड्समध्ये पोचले. पूर्वीचा गुरांचा बाजार म्हणजे हे स्टॉकयार्ड्स.

इथे रोज सकाळी साडेअकराला आणि दुपारी चारला लाँगहॉर्न गुरांचा कळप रस्त्यावरून चालवत नेतात. शहराला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९९९ मध्ये, ही प्रथा सुरू झाली. रस्ता विटांचा आहे, त्यामुळे कळप दिसायच्या आधी खुरांचा आवाज येतो, एकसारखा, घाई नसलेला. माझ्यापासून चार हातांवरून एक तांबडा-पांढरा बैल गेला. शिंगांचा पल्ला माझ्या दोन्ही हातांच्या पसरापेक्षा मोठा. डावं शिंग सरळ, उजवं टोकाला वर वळलेलं. पाऊल पडेल तशी मान हलायची आणि शिंगांची टोकं एकदा इकडे खाली, एकदा तिकडे. एवढा पसारा घेऊन तो शेजारच्या बैलाला जराही लागू न देता चालला होता. मागच्या घोड्यावर एक बाई होती, जुन्या पद्धतीचा सदरा, पँटवर कातड्याचे चॅप्स. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. घोडाच अर्धं पाऊल आत सरकायचा, आणि बाहेर फुटणारा बैल पुन्हा रांगेत यायचा.

सात-आठ मिनिटांत सगळं संपलं आणि गर्दी पांगली. बरोबर कुणी असतं तर मीही त्यांच्याबरोबर खायला गेले असते. एकटी होते म्हणून थांबले. लाइव्हस्टॉक एक्स्चेंजची १९०२ सालची इमारत आहे, तिच्या मागे कळपाचे गोठे आहेत, तिथे कुंपणाला टेकून अर्धा तास उभी राहिले. मग इमारतीतल्या छोट्या संग्रहालयात गेले. तिथे १९०८ सालापासून जळत असलेला विजेचा दिवा आहे, एका जुन्या नाट्यगृहातला. तांबूस, मंद, बघायला मान वर करावी लागते. १९४४ साली या बाजारातून वर्षाला पन्नास लाखांहून जास्त जनावरं गेली होती. पुढे मालवाहू ट्रक आले, गावोगावी लिलाव व्हायला लागले, आणि मांसाचे दोन मोठे कारखाने एक १९६२ ला, दुसरा १९७१ ला बंद झाला. गुरं गेली, इमारती राहिल्या, दिवा राहिला.

पण मला खरं भिडलं ते काउबॉयच्या नोकरीचं स्वरूप. सिनेमातला काउबॉय बंदूक घेऊन फिरतो. खरा काउबॉय म्हणजे पगारी माणूस, बहुतेक वेळा विशीतला. १८६६ नंतर वीसेक वर्षं ही पोरं टेक्ससमधली गुरं हाकत उत्तरेला कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत न्यायची. त्या वाटेला चिझम ट्रेल म्हणतात. अडीच-तीन हजार गुरं आणि माणसं दहा-बारा. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, असे दोन-तीन महिने. पगार महिन्याला ३० ते ४० डॉलर. रात्री गुरांभोवती दोन-दोन तासांच्या पाळ्या. पाळीवरचा माणूस घोड्यावरून फिरत हलक्या आवाजात गात राहायचा, कारण अंधारात अचानक आवाज झाला तर कळप उधळायचा. स्वयंपाक्याची गाडी वेगळी. झोपण्याआधी तो गाडीची दांडी ध्रुवताऱ्याच्या दिशेनं करून ठेवायचा, म्हणजे सकाळी आभाळ झाकलेलं असलं तरी उत्तर कुठे ते कळेल.

मी हे वाचलं आणि आमच्या विमानातली रात्र आठवली. आमच्याही पाळ्या लागतात. अर्धा क्रू वर बंकमध्ये झोपतो, अर्धा अंधाऱ्या केबिनमधून पावलं न वाजवता फिरतो. कुणाचं बाळ उठलं तर गॅलीत नेऊन हळू आवाजात गुणगुणायचं, तीनशे माणसं जागी होऊ नयेत म्हणून.

फोर्ट वर्थ हा रेड नदी ओलांडण्याआधीचा काउबॉयांचा शेवटचा मोठा मुक्काम. इथे अंघोळ, दाढी, पीठ, कॉफी, तंबाखू भरून घ्यायची. काही जण हेल्स हाफ एकर नावाच्या वस्तीत जुगारात पैसे घालवायचे. एक-दोन दिवस, मग पुन्हा वाट. हे गाव मुक्कामाला थांबलेल्यांवर उभं राहिलं. त्यांचाही तो लेओव्हरच होता, आणि त्यांनी तो खोलीचं दार लावून घालवला नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. पाऊण तास बोलत होते.

आता तुम्ही.

* * *

ताई, आम्ही फ्रिस्कोला, डॅलसच्या उत्तरेला, बावीस वर्षं राहतो. पुण्याहून कुणी पाहुणे आले की स्टॉकयार्ड्स ठरलेलं. शंभरेक वेळा गेलो असेन, पण एकटा कधीच नाही. तुमचं वाचून गेल्या शनिवारी एकटा गेलो.

एक भर घालतो. काउबॉयचं हे सगळं कसब मेक्सिकन लोकांचं. स्पॅनिश भाषेत गाईला 'वाका', तिला राखणारा तो 'वाकेरो'. रोडिओ (काउबॉयांच्या कसबाचे खेळ), रँच (गुरं पाळायचं मोठं रान), लॅरिएट (फासाचा दोर) हे सगळे शब्द तिकडूनच आले. चॅप्सचं मूळ 'चापारेरास', काटेरी झुडपांतून घोडा नेताना मांड्या सोलून निघू नयेत म्हणून घातलेलं कातडं. आणि चारातला एक काउबॉय कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सिनेमांनी त्यांना दाखवलंच नाही. स्टॉकयार्ड्समध्ये बिल पिकेटचा पुतळा आहे, बैलाला शिंगांनी धरून लोळवणारा. कृष्णवर्णीय काउबॉय, टेक्ससचाच. घोड्यावरून झेप घेऊन बैल लोळवण्याचा रोडिओतला खेळ त्यानंच रूढ केला. मी इतकी वर्षं त्या पुतळ्याशेजारी पाहुण्यांचे फोटो काढत होतो आणि खालची पाटी कधी वाचली नव्हती. याची मला मनापासून खंत वाटली.

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी पाणी जवळ ठेवा, पारा ३८-४० ला जातो. हवा फार वाईट असेल तर कळप बाहेर काढत नाहीत.

* * *

मी न्यू जर्सीत राहते, एका अमेरिकन कंपनीत फ्लाइट अटेंडंट आहे. माहेर नाशिक. वरच्या ताईंनी लिहिलेला 'त्यांचाही लेओव्हरच होता' हा भाग वाचून राहवेना, कारण माझ्या गावात ते अक्षरशः खरं आहे.

डेन्व्हरला सव्वीस तास होते, नोव्हेंबरात. गाडी भाड्यानं घेतली आणि शायॅनला गेले, दीडशे-एक किलोमीटर उत्तरेला, वायोमिंगमध्ये. उंची सहा हजार फूट. वारा इतका, की गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागलं. गावभर माणसाहून उंच रंगवलेले बूट उभे केलेत, एकेकावर गावाच्या इतिहासातली चित्रं. युनियन पॅसिफिक रेल्वेचं दगडी स्टेशन १८८७ चं, आता तिथे संग्रहालय आहे. जुलैच्या शेवटी 'फ्रंटियर डेज' हा रोडिओचा मोठा उत्सव भरतो, १८९७ पासून, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. नोव्हेंबरात मी आणि वारा.

मी गेले होते आमच्या धंद्याचं मूळ बघायला. १५ मे १९३० ला एलन चर्च नावाची नर्स बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात प्रवाशांच्या सेवेला चढली. जगातली पहिली स्ट्युअर्डेस. तिला खरं तर वैमानिक व्हायचं होतं, तिनं विमान चालवायचं शिक्षणही घेतलं होतं, पण बाईला त्या खुर्चीवर कोण बसू देणार? तिनंच कंपनीला सुचवलं की नर्स ठेवा, लोकांची उडायची भीती कमी होईल. सॅन फ्रान्सिस्को भागातून शिकागोला जायला तेव्हा वीस तास लागायचे, वाटेत तेरा थांबे. पहिल्या आठ मुली घेतल्या. त्यातल्या चौघी सॅन फ्रान्सिस्को ते शायॅन, चौघी शायॅन ते शिकागो. म्हणजे आमच्या नोकरीतली पहिली क्रू-बदली या काउबॉय गावात झाली. पुढे १९४७ पासून चौदा वर्षं युनायटेड एअरलाइन्सची स्ट्युअर्डेसची शाळाही इथेच होती.

त्या मुलींच्या अटी वाचा. नर्स हवी, अविवाहित हवी, वय पंचविसाच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत, उंची पाच फूट चार इंचांच्या आत. पगार महिना १२५ डॉलर. कामं काय, तर जेवण वाढणं, सामान चढवणं, खुर्च्यांचे बोल्ट आवळणं, आणि गरज पडली तर विमान ढकलून हँगरमध्ये लावायला हात देणं.

वीस वर्षांपूर्वी मी भारतात पहिली नोकरी धरली, तेव्हा दर महिन्याला काट्यावर उभं राहावं लागायचं. दीड किलो वाढलं म्हणून मला तीन आठवडे घरी बसवलं होतं, बिनपगारी. बाबा म्हणाले होते, सोड. मी सोडली नाही. शायॅनच्या विमानतळाजवळ १९३४ सालचं एक कारंजं आहे. हिवाळ्यात बंद होतं. त्याच्या कठड्यावर बसून डब्यातला मेथीचा पराठा खाल्ला. नव्वद वर्षांपूर्वी एखादी पंचविशीच्या आतली नर्स पश्चिमेकडून आलेल्या विमानातून इथे उतरली असेल, कानठळ्या बसलेल्या, अंगाला पेट्रोलचा वास, आणि गावात दोन रात्री काढून परत गेली असेल. तिनं काय पाहिलं असेल? समोरचं माळरान तेच आहे. वारा तोच.

आणखी एक, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. बायकांना मतदानाचा हक्क वायोमिंगनं १८६९ च्या डिसेंबरात दिला, अख्ख्या अमेरिकेच्या पन्नास वर्षं आधी. तेव्हा तो प्रदेश होता, राज्यही नव्हता.

* * *

मी क्रूमधला नव्हे, जनावरांचा डॉक्टर. मिरजेचा. तीन वर्षांपूर्वी टेक्ससमध्ये एका परिषदेला गेलो होतो. शेवटचा दिवस मोकळा मिळाला. बरोबरचे दोघे खरेदीला गेले, मी एकटा फोर्ट वर्थला.

लाँगहॉर्न पाहिली, चांगली आहेत. मूळ स्पॅनिश गुरं, रानात वाढून काटक झालेली. मागच्या शतकात ती जवळपास संपलीच होती. १९२७ साली सरकारनं ओक्लाहोमातल्या अभयारण्यात थोडी गोळा करून राखली, म्हणून आज दिसतात. पण मला ज्यानं खिळवून ठेवलं ते दुसरंच.

रात्री काउटाउन कोलिझियममध्ये रोडिओला गेलो. १९०८ ची इमारत, वरती लोखंडी कैच्या, खाली मातीचं रिंगण. बैलावर बसायचा खेळ सुरू झाला. फाटक उघडलं, करड्या रंगाचा बैल बाहेर आला, आणि मी खुर्चीवरून उठलोच. त्याला वशिंड होतं. गळ्याखाली पोळी लोंबत होती. कान लांब, खाली वळलेले. हा आपल्याकडचा बैल! युरोपातल्या गुरांना वशिंड नसतं, लाँगहॉर्नला नसतं. वशिंड म्हणजे आपलं रक्त.

अमेरिकेत या जातीला ब्राह्मण म्हणतात, उच्चार 'ब्रामन'. चार भारतीय जातींतून ती तयार झाली: गीर, कांकरेज म्हणजे तिकडची 'गुजरात', ओंगोल म्हणजे 'नेलोर', आणि चौथी कृष्णा व्हॅली. हो, आमची कृष्णाकाठची! सांगली-मिरजेच्या संस्थानांनी काळ्या चिकट रानात नांगर ओढायला म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही जात वाढवली. टेक्ससला ती का हवी होती, त्याचं कारण गोचीड. तिथल्या गुरांच्या गोचिडीतून ताप पसरायचा, म्हणून १८८५ मध्ये कॅन्ससनं टेक्ससची गुरं आणायला बंदीच घातली. चिझम ट्रेल थांबली त्याचं ते एक मोठं कारण, दुसरं काटेरी तारेची कुंपणं. आपल्या गुरांची कातडी सैल, केस आखूड, घाम भरपूर. ऊन सोसतात, गोचीड फारशी टिकत नाही. १९०६ साली टेक्ससच्या पिअर्स रँचनं भारतातून गुरं नेली. त्या रक्ताचे वंशज आज तिथल्या रोडिओत उड्या मारतात.

आमच्या घरी माझ्या लहानपणी दोन कृष्णा व्हॅली बैल होते. बेंदराला आजोबा त्यांची शिंगं तासून हिंगूळ लावायचे, टोकाला पितळी शेंब्या, गळ्यात गोंडे. मी खालून झूल धरायचो, ती अंगावर टाकताना बैल कातडी थरथरवायचा, ती थरथर अजून हाताला आठवते. ट्रॅक्टर आला, बैल गेले. आज शुद्ध कृष्णा व्हॅली बघायची तर शोधत फिरावं लागतं. मी गावोगाव फिरतो, म्हणून सांगतो, परिस्थिती चांगली नाही.

रोडिओबद्दलही स्पष्ट लिहितो. आठ सेकंद बैलावर टिकायचं, तो खेळ मी पाहू शकलो, बैल माणसाला भारी असतो. पण पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकून त्याला उलथं पाडायचा खेळ मला बघवला नाही. मी बाहेर आलो. मागच्या बाजूला गोठ्यात तो करडा बैल उभा होता, शांत, शेपटी हलवत. कुंपणापाशी जाऊन हळूच म्हणालो, "हो... हो, राजा." आजोबा म्हणायचे तसं. त्यानं एक कान माझ्याकडं वळवला. कुठलंही जनावर आवाजाकडं कान वळवतं, हे मला डॉक्टर म्हणून माहीत आहे. तरी मी तिथं बराच वेळ उभा होतो.

* * *

मुलगी केबिन क्रू आहे, मी तिची आई, साताऱ्याहून. ती परदेशात एकटी फिरते म्हणून पूर्वी मी फार रागवायचे. स्वयंपाकघरात दोन घड्याळं लावली आहेत. एक आपलं, दुसरं ती असेल तिथलं. ती मेसेज करते, "आई, पाच तास मागे कर", मी स्टुलावर चढून काटे फिरवते. गेल्या वर्षी तिनं ओक्लाहोमा सिटीच्या स्टॉकयार्ड्समधून फोटो पाठवला, गुरांच्या लिलावाचा. लाकडी बाकांवर टोपीवाले शेतकरी बसलेत, मधल्या रिंगणात गुरं. मी ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "अगं, हा तर आपला म्हसवडचा बाजार." त्या दिवसापासून मी 'एकटी कशाला गेलीस' विचारत नाही, 'काय पाहिलंस' विचारते. ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

* * *

नागपूरचा आहे, वय २१. ॲरिझोनात विमान शिकायला होतो. लेओव्हर नाही म्हणता येणार, पण दोन दिवस वाऱ्यामुळे उड्डाणं रद्द झाली तेव्हा टूम्बस्टोनला एकटा गेलो. टूसॉनपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे.

खरं तर ते चांदीच्या खाणीचं गाव. आणि त्या भागात 'काउबॉय' ही तेव्हा शिवी होती, गुरं चोरणाऱ्यांना म्हणायचे. भल्या गुराख्याला 'रँचर' किंवा 'स्टॉकमन' म्हणायचं. २६ ऑक्टोबर १८८१ ला इथे बंदुकांची प्रसिद्ध चकमक झाली: कायद्याच्या बाजूचे अर्प बंधू आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे एका बाजूला, 'काउबॉय' टोळीतले क्लँटन-मॅकलॉरी दुसऱ्या बाजूला. तीस सेकंद, तीसेक गोळ्या, तीन मेले. अॅलन स्ट्रीटवर त्याचा खेळ करून दाखवतात, लोक टाळ्या वाजवतात. मग मी बूटहिलच्या दफनभूमीत गेलो. दगडांचे ढीग, निवडुंग, लाकडी पाट्या. मेलेल्या तिघांतला बिली क्लँटन एकोणीस वर्षांचा होता. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्यानंतर तो खेळ परत बघावासा वाटला नाही.

जवळच 'चायना मेरी' नावानं ओळखल्या जाणाऱ्या बाईची कबर आहे. गावातल्या चिनी वस्तीचा कारभार तिच्या हातात होता आणि अडल्या-नडल्याला ती पैसे द्यायची, असं सांगतात.

पण सगळ्यात जास्त वेळ मी एका गुलाबाखाली बसलो. १८८५ साली खाणीतल्या एका माणसाच्या बायकोला स्कॉटलंडच्या घरून रोपं आली होती, त्यातलं एक तिनं लावलं. आज ती वेल एका मोठ्या अंगणभर मांडवावर पसरली आहे, जगातलं सर्वांत मोठं गुलाबाचं झाड म्हणतात. बुंधा माझ्या कवेत मावेल न मावेल एवढा, साल सुटलेली, दोरखंड पिळल्यासारखी. एप्रिलमध्ये पांढरी फुलं येतात. आजूबाजूला वाळवंट आहे, आणि घरची आठवण आली म्हणून लावलेलं झाड एकशेचाळीस वर्षं टिकलंय. मी तिथून घरी व्हिडिओ कॉल केला. आई म्हणाली, "पाणी कोण घालतं रे त्याला?" विचारायचं राहून गेलं.

* * *

एकट्या जाणाऱ्या मुलींसाठी लिहिते. मी क्रूमध्येच होते, आता ठाण्यात प्रशिक्षण देते. पश्चिमेकडच्या एका छोट्या गावात (नाव सांगत नाही) टॅक्सीनं गेले. जाताना लगेच मिळाली. परत यायला संध्याकाळी ॲप उघडलं तर एकही गाडी नाही. दुकानं सहाला बंद, बस नाही, फोन ११ टक्क्यांवर, पिक-अप साडेदहाला, आणि हॉटेल साठ किलोमीटरवर. एका गुत्त्यासमोर उभी होते तर एक जण दोनदा जवळ येऊन 'कुठे सोडू' म्हणाला. मी सरळ समोरच्या टोप्यांच्या दुकानात शिरले. म्हातारी मालकीण शटर ओढत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं नवऱ्याला फोन केला, दोघांनी मिळून मला हॉटेलपर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत. साडेनऊला पोचले.

तेव्हापासून माझा नियम, आणि मी मुलींना वर्गात हाच सांगते: परतीची गाडी आधी ठरवायची, मग निघायचं. हॉटेलच्या डेस्कवर आणि क्रूमधल्या एका तरी व्यक्तीला कुठे जातोय ते सांगून जायचं. पॉवर बँक पर्समध्ये, सुटकेसमध्ये नव्हे. भीती म्हणून नाही सांगत. त्यानंतरही मी एकटी फिरले, पुष्कळ फिरले.

* * *

मिसिसागाहून, कॅनडातल्या एका विमान कंपनीत पर्सर, म्हणजे केबिन क्रूचा प्रमुख. माझं गाव कॅलगरी. विमानतळावरचे स्वयंसेवक पांढरी काउबॉय टोपी आणि लाल जाकीट घालून वाट सांगतात, तिथूनच कळतं कुठे आलो. जुलैमधलं दहा दिवसांचं स्टॅम्पीड, म्हणजे रोडिओचा उत्सव, १९१२ ला सुरू झालं. त्या दिवसांत सकाळी गावात ठिकठिकाणी फुकट पॅनकेक वाढतात. मी युनिफॉर्म बदलून एका पार्किंगमधल्या रांगेत उभा राहिलो. पुढे तेल कंपनीचा साहेब, मागे रात्रपाळी संपवून आलेली नर्स. कागदी ताटली, वर सिरप, उभ्यानं खायचं. अनोळखी गावात एकट्या माणसाला पंगतीत जागा मिळावी, तसं वाटलं.

तिथला एक माणूस लक्षात ठेवा: टॉम थ्री पर्सन्स, मूळ रहिवाशांपैकी काइनाई जमातीचा. पहिल्याच, १९१२ च्या स्टॅम्पीडमध्ये सायक्लोन नावाच्या घोड्यावर तो टिकला. त्या घोड्यानं तोवर सगळ्यांना पाडलं होतं, असं सांगतात. मूळ रहिवाशांचे तंबू आजही तिथे एल्बो नदीकाठी लागतात. बहुतेक लोक झोपाळे-पाळण्यांत वेळ घालवून निघून जातात. मी म्हणेन, आधी तंबूंकडे जा. एका आजींनी मला मण्यांचं काम कसं करतात ते दाखवलं, सुईत एका वेळी सात मणी, मग परतीचा टाका. तासभर मी काहीही न बोलता बघत होतो.

* * *

धागा सुरू करणारी मी. सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. साताऱ्याच्या काकू, तिचा तुम्हाला उलट नमस्कार. दोन घड्याळांची कल्पना तिनं लगेच उचलली, भावाला दुसरं घड्याळ आणायला पाठवलंय.

फ्रिस्कोच्या दादा, बिल पिकेटच्या पुतळ्याजवळून मीही तशीच गेले होते. नाशिकच्या ताई, कारंज्याच्या कठड्यावरचा पराठा मी विसरणार नाही. डेन्व्हर आमच्या रोस्टरमध्ये नाही, पण सुट्टी टाकून शायॅनला जायचं ठरवलंय.

मिरजेच्या डॉक्टरांना एक विचारायचं आहे. पुढच्या महिन्यात मला डॅलस लागलंय, सत्तावीस तास, शुक्रवारची रात्र मिळते. रोडिओला जाईन म्हणते. वशिंड आणि कान तुम्ही सांगितलेत, पण कृष्णा व्हॅलीचं रक्त गीरपासून वेगळं ओळखायची काही खूण आहे का? आणि आजोबा बैलाला हाक मारायचे ती नुसती 'हो' होती, की शेवटी लांबवायचे? तेवढं लिहा.